कपाटातली भट्टी

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी माझे बूट भट्टीत घातले. भट्टीत म्हणजे कपाटात, पण ते मला नंतर कळलं.

सकाळची उन्हं चांगली वर आली होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो, नव्या जावयानं बसावं तसा, पाठ ताठ ठेवून. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सासरे बाहेर आले. अंगात बनियन, चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, डोळे सताड उघडे. मी पटकन उभा राहिलो. त्यांनी माझ्या दिशेनं पाहिलं आणि दाराशी ठेवलेले माझे बूट उचलले. एकेक बूट तळहातावर घेऊन अलगद थोपटला, कडेनं बोट फिरवून नीट केला, आणि भिंतीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात टाच मागे करून ठेवला. दोन बुटांत फुगायला जागा सोडली. कपाटाचं दार लावलं आणि दारासमोर तळहात धरून उभे राहिले. मी अजून उभाच होतो.

स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत आल्या. "भट्टी छान लागलीय," त्या म्हणाल्या, भाजीवाल्याशी बोलावं इतक्या साध्या आवाजात. "आता बाकीचं पोरं बघतील. पडा तुम्ही." सासरे वळले, आत गेले आणि झोपले. सासूबाईंनी कपाट उघडून बूट माझ्या हातात दिले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "कच्चेच आहेत अजून."

हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी आभार मानले.

माझे सासरे बेकरीत पाव भाजायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मीही तेच म्हणतो, कारण सासरा म्हटल्यावर जो रुबाब डोळ्यांसमोर येतो, तो त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. संध्याकाळी जेवून निघायचं, रात्रभर मळायचं, गोळे करायचे, भाजायचे, आणि लोक उठून पाव खायला बसले की घरी येऊन झोपायचं, असा त्यांचा तरुणपणापासूनचा क्रम. त्यामुळं बाकीच्यांची झोप जशी अंधारात झाकली जाते तशी त्यांची कधी झाकली गेली नाही. ती भरदिवसा, घरादाराच्या डोळ्यांदेखत चालायची. शेजारीण वाटीभर साखर मागायला यायची, तेव्हा उस्ताद तिच्यासमोरून तिचीच चप्पल भाजायला घेऊन जायचे.

जागेपणी हा माणूस भारी शंकेखोर. "दार लावलं ना?" "मी चहा घेतला का?" "आज कुणी येणार होतं का?" सगळं सासूबाईंना विचारायचं. बेकरीतही तेच. मीठ स्वतःच्या हातानं घालायचे आणि लगेच शेजारच्याला विचारायचे, "मीठ घातलं ना मी?" माझी बायको म्हणते, बाबांनी आईला लग्नाचं विचारलं असेल आणि मग, "विचारलं ना मी?" असंही विचारलं असेल. सासूबाई यावर फक्त हसतात, त्यामुळं ते खरं असावं.

झोपेत मात्र त्यांची चालच बदलायची. खांदे मागे, पाऊल ठाम. वाटेत कुणी आलं तर, "बाजूला हो, माल आलाय." जागेपणी ज्यांनी कुत्र्यालाही कधी हाड म्हटलं नाही, ते झोपेत सगळ्यांना कामाला लावायचे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या हाताखालच्या पोरांशी त्या आवाजात बोलता आलं असतं तर माझं भलं झालं असतं.

सासूबाईंनी हे सगळं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. नवीन घर, नवीन नवरा, आणि तो नवरा सकाळी उठून उशी मळतोय. त्या घाबरल्या, त्यांनी त्याला गदागदा हलवलं. तो त्यांच्याहून जास्त घाबरला. कोण आपल्याला धरतंय तेच त्याला कळेना, त्यानं जोरात ढकललं, आणि सासूबाईंचं कोपर खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं. पुरता जागा झाल्यावर त्यांचं सुजलेलं कोपर पाहून तो रडला. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तेव्हापासून त्यांनी हलवणं सोडलं आणि बघायला सुरुवात केली. तो काय करतो, कुठं जातो, कशानं थांबतो. बघता बघता त्यांना उमगलं की माल भट्टीत गेला आणि कुणी भट्टी बरी आहे असं सांगितलं की त्याचं काम संपतं. मग खालचा कप्पा त्यांनी रिकामा केला तो कायमचाच. घरात काही हरवलं की आधी तिथं बघायचं. माझ्या बायकोची शाळेची कंपासपेटी, रेडिओ, साबणाच्या वड्या, सगळं तिथं एका रांगेत सापडायचं.

उठल्यावर उस्ताद रोज विचारायचे, "आज काय भाजलं?"

"जावयाचे बूट," सासूबाईंनी त्या दिवशी सांगितलं. ते माझ्याकडं बघेनात. दोन दिवस माझ्याशी बोलताना ते माझ्या पायांशीच बोलत होते.

पुढं आम्हाला मुलगी झाली. गोरीगोमटी, गुबगुबीत, दंडाला वळ्या. बापाच्या पिठाच्या गोळ्यांवरून बायकोनं तिचं नाव गोळी पाडून टाकलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उस्ताद आले होते. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली ती पोर बायकोनं त्यांच्यापुढं धरली. त्यांचे हात पुढं आले, निम्म्यात थांबले, आणि मग त्यांनी ते पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले.

"पडेल," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, लाजताहेत. पण पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्याही खेपेला तेच. लांब उभे राहून बघायचे, डोळे भरून बघायचे, आणि कुणी पोर जवळ आणली की हात मागे. एकदा जरा तुटकपणे म्हणाले, "तिला गोळी म्हणू नका." आजोबांना नाव आवडलं नाही असं समजून माझी बायको फुरंगटून बसली. तिनं रागानं पिल्लू म्हणायला सुरुवात केली.

खरी गोष्ट बाहेर आली ती बायकोची रजा संपत आल्यावर. ती एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. मी दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत. तेव्हा दिवसा पोर आजीजवळ राहील हे न बोलताच ठरलं होतं. आता दिवसा म्हणजे नेमकं उस्तादांच्या झोपेच्या वेळी. आम्ही जेवत असताना ते एकाएकी म्हणाले, "मी आता बेकरीतच झोपत जाईन. मैद्याच्या पोत्यांवर."

"कशासाठी?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कळलं होतं, पण त्यांनी ते उस्तादांच्याच तोंडून वदवून घेतलं.

उस्तादांनी ताटात बघत सांगितलं. "कपड्यात गुंडाळलेली असते. गरम असते, मऊ असते. हातात अगदी तेवढीच भरते. झोपेत माझ्या हातांना काय कळणार?"

 मला एकदम त्या खालच्या कप्प्याची, त्याच्या लावलेल्या दाराची आठवण झाली आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. भीती त्यांना आधीपासून होती, ती त्या दिवशी आम्हा सगळ्यांना लागली. सासूबाई मात्र चिडल्या. "एवढी वर्षं संसार केला तो काय पोत्यांवर झोपायला पाठवायला?" त्या म्हणाल्या. "घर सोडून कुणी कुठं जायचं नाही." पण पोरीला इथं खुशाल ठेवा असं काही त्या म्हणाल्या नाहीत, हे माझ्या बायकोच्या बरोबर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी एक दणकट कुलूप आणलं आणि कपाटाला कडी बसवली. त्यांचा हिशेब असा की भट्टीच बंद असेल तर भाजणार कुठं? भाजायला जागाच नसेल तर हात काही उचलतील कशाला? किल्ली सासूबाईंकडं. बायकोला हे पटलं, सासूबाईंना पटलं, आणि मला तर फारच पटलं. आमच्या कामात दार नीट लागलं नाही तर लिफ्ट जागची हलत नाही, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी लिफ्टसारख्याच चालतात असा माझा एक समज आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी तिथं राहून बघायचं ठरलं. उस्ताद त्या आठवड्यात धड झोपलेही नव्हते. मुद्दाम उशिरा घरी यायचे, पडल्या पडल्या आढ्याकडं बघत राहायचे, मधेच उठून कुलूप ओढून बघायचे. डोळे तांबारले होते. सुट्टीच्या सकाळी ते आले ते उशीवर डोकं टेकताच गाढ झोपले. बायको आणि सासूबाई पिल्लूला अंघोळ घालत होत्या. मला दूध आणायला पिटाळलं होतं.

दूध घेऊन परत येताना मला सासरे रस्त्यात भेटले.

अनवाणी होते. तोच चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. उजवा हात खांद्यापर्यंत वर, तळहातावर उशी. कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्यानं त्यांना हात केला, त्यांनी मान हलवली. शिंप्यानं दुकानातून, "काय उस्ताद, आज लवकर?" असं विचारलंसुद्धा. कुणाला काही वावगं वाटलं नाही. माणूस ओळखीचा असला की लोक पायजम्याकडं बघत नाहीत. मी मात्र हातातल्या दुधाच्या पिशवीसकट थिजून उभा राहिलो. कपाट बंद मिळालं म्हणून ते खऱ्या भट्टीकडं निघाले होते.

मी धावत त्यांना गाठलं आणि सासूबाईंचा मंत्र म्हटला. "भट्टी छान लागलीय. आता पडा तुम्ही." भर रस्त्यात. त्यांनी माझ्याकडं जो कटाक्ष टाकला, तो मी जन्मात विसरणार नाही. अजून माल हातात आहे, भट्टीचा पत्ता नाही, आणि हा म्हणतोय भट्टी छान लागलीय. "बाजूला हो," ते म्हणाले. मी बाजूला झालो. रस्ता ओलांडताना मी त्यांच्या आणि गाड्यांच्या मधे राहिलो, एवढंच मला सुचलं.

बेकरीत दिवसा बिस्किटं भाजतात. बिस्किटवाला म्हणजे उस्तादांचा जुना जोडीदार, दोघं एकाच वयाचे. भट्टीचं लोखंडी दार अर्धवट उघडं होतं आणि आतली धग उंबऱ्यापर्यंत जाणवत होती. उस्तादांनी उशी टेबलावर ठेवली, मैदा भुरभुरवला, तिला चारी बाजूंनी दुमडून घेतलं, थोपटलं. सगळ्यांचे हात थांबले. मग उशी उचलून ते भट्टीकडं वळले. उघड्या हातांनी. मी पुढं झालो, पण बिस्किटवाल्यानं मला डोळ्यांनी थांबवलं. तो उस्तादांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, भट्टीच्या आणि त्यांच्या मधे नव्हे, शेजारी.

"उस्ताद," तो म्हणाला, "फुगू दे की आधी."

उस्ताद थांबले. उशीकडं पाहिलं. ते बोलणं त्यांना मान्य होतं. त्यांनी उशी परत टेबलावर ठेवली, बादलीतलं फडकं पिळून तिच्यावर पसरलं, कडा खाली खोचल्या, आणि शेजारच्या पोत्यावर बसून भिंतीला डोकं टेकवलं. बिस्किटवाल्यानं हळूच भट्टीचं दार लावलं. 

थोड्या वेळानं उस्तादांना जाग आली. त्यांनी आपले मळलेले पाय पाहिले, मला पाहिलं, भट्टी पाहिली. "काय केलं मी?" त्यांनी विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं ओल्या फडक्याखाली काहीतरी होतं, मऊ, फुगीर, बेताच्या आकाराचं.

ते उठले. फडक्यापर्यंत हात नेला आणि तो तिथंच राहिला. मी ओरडलो, "उशी आहे, उशी आहे ती," पण त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी फडकं उचललं. उशी दिसल्यावर मी आणि बिस्किटवाल्यानं त्यांना धरून खाली बसवलं. मी त्यांना त्याआधी कधी मिठी मारली नव्हती. आमच्यात तशी पद्धत नाही. त्या दिवशी मारली, दुधाच्या पिशवीसकट.

त्यांनी त्याच दिवशी बेकरीत पोती लावून बिछाना करायला घेतला. "आता घरी झोपायचं नाव काढू नका," ते म्हणाले. माझ्या बायकोनं तिथं येऊन तो बिछाना पायानं उधळला. ती आईवर गेलेली आहे. तिच्या दवाखान्यात झोपेच्या तक्रारी बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांच्यापुढं तिनं बापाला नेऊन बसवलं. मी आणि सासूबाई मागं.

बाईंनी घाई केली नाही. कधी सुरू झालं, किती वेळानं उठतात, आधीच्या दिवशी झोप झाली होती का, घरात अजून कुणी असं करायचं का, सगळं विचारलं. उस्तादांची आई झोपेत अंगण झाडायची, हे मला त्या खोलीत कळलं. मग बाईंनी समजावून सांगितलं. झोप गाढ असताना माणसाचा एक भाग जागा होतो आणि एक भाग झोपलेलाच राहतो. पाय चालतात, हात शिकलेलं काम करतात, पण हे काय आहे आणि हा कोण आहे हे ठरवणारा भाग झोपलेला असतो. काळजी आणि अपुरी झोप यांनी हे वाढतं. पोरीच्या धास्तीनं ते झोपले नाहीत, आणि न झोपल्यामुळंच इतके लांब गेले.

"म्हणजे भीतीनंच झालं?" उस्तादांनी विचारलं.

"भीतीनं आणि कुलपानं," बाई म्हणाल्या. "अडवलं की असा माणूस थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. या तुम्हाला इतकी वर्षं वळवत होत्या. ते बरोबर होतं."

सासूबाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढून माझ्याकडं दिली.

"पण परत होणार नाही ना?" उस्ताद.

"असं मी सांगणार नाही. कमी होईल. आणि झालं तरी बाळ तुमच्या हाताला लागणार नाही अशी सोय करता येते."

सोय केली. कपाट उघडं झालं. पोरीचा पाळणा स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत गेला आणि तिथल्या दाराला बाहेरून, उंचावर अशी कडी बसली की ती उघडायची त्यांच्या हातांना सवय नाही. घराच्या दारालाही आतून तशीच. उस्तादांच्या खोलीच्या दाराला मी एका जुन्या लिफ्टमधली घंटी लावली. दार हललं की ती किणकिणते आणि सासूबाई हातातलं काम टाकून येतात. बेकरीत, शेजारी, केस कापणाऱ्याला, शिंप्याला, सगळ्यांना सांगून टाकलं. उस्तादांना वाटलं होतं लोक हसतील. लोक हसले, आणि मग प्रत्येकानं आपापल्या घरातलं एकेक सांगितलं. शिंप्याचा भाऊ झोपेत भांडतो म्हणे, आणि जिंकतो. उस्तादांनी वेळेवर घरी येऊन पुरती झोप घ्यायची, एवढं त्यांच्याकडं आलं. सासूबाईंनी कपाटाशेजारी एक जुनी उशी ठेवून दिली. भाजायला काहीतरी हवं ना, त्या म्हणाल्या.

पोर दिवसा तिथं राहू लागली. आठवड्यातून कधीतरी घंटी वाजायची, उशी भाजली जायची, उस्ताद झोपायचे. सगळं सुरळीत होतं. फक्त त्यांचे हात अजून पाठीमागेच होते. पोर रांगायला लागली, त्यांचा पायजमा धरून उभी राहायला बघू लागली, आणि ते भिंतीला चिकटून, "अगं, हिला घे, हिला घे," करत राहायचे. माझ्या बायकोला याचं किती लागत होतं ते मला ठाऊक होतं. ती बोलायची नाही, घरी जाताना रस्ताभर गप्प असायची.

त्या संध्याकाळी तिचं न बोलणं संपलं. उस्ताद पुरते झोपून, अंघोळ करून, जेवून बेकरीला निघायच्या तयारीत होते. बायको कामावरून आली, पोरीला उचललं आणि सरळ त्यांच्यापुढं धरलं.

"मी आत्ताच उठलोय गं," ते म्हणाले.

"केव्हाच उठलात, बाबा. जेवलात पण."

त्यांनी पोरीकडं पाहिलं, मग कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाईंकडं. "मी जागा आहे ना?"

"जागे आहात."

"कशावरून?"

सासूबाईंनी घडी पुरी केली, बाजूला ठेवली आणि मग वर पाहिलं. "एवढी वर्षं तुमची झोप बघतेय," त्या म्हणाल्या. "झोपेत तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत. झोपेत तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

उस्तादांनी पोरीकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग पाठीमागचे हात सुटे झाले आणि पुढं आले. माझ्या बायकोनं त्यांत पोर ठेवली. भाजून भाजून राठ झालेले ते दोन तळहात तिच्या पाठीखाली गेले, आणि तिनं त्यांच्या बनियनची गळपट्टी मुठीत धरली.

"ये गं गोळी," ते म्हणाले. मग लगेच आमच्याकडं वळून विचारलं, "हात असाच धरायचा ना?"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"घट्ट नाही ना होत तिला?"

"नाही."

"पडणार नाही ना?"

"नाही, बाबा," माझी बायको म्हणाली. बेकरीची वेळ होऊन गेली तरी ते विचारत राहिले, आणि आम्ही तिघं आळीपाळीनं उत्तरं देत राहिलो.